नऊ नंबरची साक्ष

मुलाखत गुरुवारी होती, म्हणून रविवारी ती घरातच एकदा घेऊन टाकायची असं काकांनी ठरवलं. विधी महाविद्यालयाची लेखी परीक्षा त्यांची पुतणी, घरातली धाकटी, पास झाली होती. आता उरली होती ती तीन परीक्षकांसमोरची वीस मिनिटं, आणि त्या तिघांच्या हातात तिचा राज्यशास्त्राचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध असणार होता. काका याच वर्षी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले होते. कुणाची तरी परीक्षा घेतल्याशिवाय आठवडा संपला असं त्यांना वाटत नसे. त्यांनी जेवणाचं टेबल खिडकीशी ओढून घेतलं, पलीकडे तीन खुर्च्या मांडल्या, अलीकडे एक. मधली खुर्ची स्वतःची, उजवीकडची आजीची, डावीकडची आत्याची.

आत्या खरं तर काकांची आणि धाकटीच्या वडिलांची, म्हणजे आजीची नणंद. पण नात्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. दोन पिढ्या तिला आत्याच म्हणत. फक्त आजी 'वन्सं' म्हणे, आणि आत्या आजीला 'वहिनी'. साठ वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या आणि अजून एकमेकींना अहो-जाहो करत होत्या.

धाकटीची आई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिचं चष्म्याचं दुकान रविवारी बंद असे, आणि नवरा लांबच्या पुलाच्या कामावर. महिन्यातून एकदा येई. सकाळपासून लेकीनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं हे तिनं पाहिलं होतं. त्याचं कारणही तिला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत ते दोघींनाच ठाऊक आहे असं तिला वाटत होतं.

शुक्रवारी भर दुपारी धाकटी दुकानात आली होती. काचा घासायच्या यंत्राशेजारी तिनं झेरॉक्सचे तीन कागद ठेवले आणि म्हणाली, वाच. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणले होते. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी दूरध्वनी केंद्रातल्या ऑपरेटर मुलींनी संप केला होता. त्याची चौकशी झाली, आणि त्या चौकशीचा एक भाग बंद दाराआड झाल्यामुळे पन्नास वर्षं उघडायचा नाही असा शेरा मारून ठेवला होता. मुदत संपूनही तो कुणी मागितला नव्हता. धाकटीनं मागितला. आईनं कागद वाचले, पुन्हा वाचले, आणि भिंग खाली ठेवलं.

"मी काय करू?" धाकटीनं विचारलं होतं.

आई म्हणाली होती, मी या घरची सून आहे. सासूविरुद्ध ब्र काढला तर तो कागदाचा नाही, माझा दोष धरतील. हे तुझं तू ठरव. बोलून गेल्यावर तिला आपल्याच उत्तराची लाज वाटली होती. धाकटीनं काही न बोलता कागद पिशवीत घातले, आणि काल संध्याकाळी प्रबंध छापून आणला तेव्हा ते तीन कागद त्यात नव्हते.

काकांनी घसा साफ केला आणि मुलाखत सुरू झाली.

सुरुवात सरळ झाली. राज्य आणि शासन यांत फरक काय, घटना बदलता येते तर ती पक्की कशी म्हणायची, वकीलच का व्हायचंय. धाकटी नीट बोलत होती. आजी दर उत्तराला मान डोलवत होती, त्यामुळे परीक्षक म्हणून तिचा काही उपयोग नव्हता. आत्यानं एकच प्रश्न विचारला: अशील खोटं बोलतोय हे तुला कळलं, पण फी त्यानं आधीच दिलीय, तर काय करशील? धाकटी म्हणाली, त्याला खोटं बोलू देणार नाही, आणि फी परत करीन. आत्या म्हणाली, मग तुला आईचा चष्म्याचा धंदाच बरा. सगळे हसले. आई जरा उशिरा हसली.

मग काकांनी प्रबंध पुढे ओढला. या भागाची ते वाट पाहत होते. हा विषय धाकटीनं घेतला तो त्यांच्या आग्रहानं, कारण त्या संपाची गोष्ट या घराची गोष्ट होती. तीस वर्षं ते ती शाळेत दर वर्षी नव्या मुलांना सांगत आले होते. गरोदर बाईला चौथ्या महिन्यात कामावरून काढायचा नियम होता. त्याविरुद्ध बारा मुलींनी एका सकाळी दवाखान्याची आणि अग्निशामक दलाची लाइन तेवढी सोडून बोर्डावरच्या बाकी सगळ्या वायरी उपसल्या. चौकशी अधिकाऱ्यानं माझ्या आईला दोन तास खुर्चीत बसवलं, चाळीस वेळा एकच प्रश्न विचारला, आणि आईनं चाळीस वेळा सांगितलं: आठवत नाही. गोष्ट संपली की वर्ग गप्प व्हायचा. ती गप्प होण्याची घटका काकांना फार आवडे. त्यांना स्वतःला आयुष्यात असं काही करावं लागलं नव्हतं. आपण त्या बाईचा मुलगा आहोत, एवढ्यावर त्यांचं भागत आलं होतं.

"परीक्षक वाकड्यात शिरणार," ते म्हणाले. "मी तसाच विचारतो. बारा जणींपैकी कुणी नाव सांगितलं नाही म्हणतेस. मग बारातली एकच बडतर्फ कशी झाली? चौदा नंबरच्या आसनावरची. कशाच्या आधारावर?"

चौदा नंबरच्या आसनावर आत्या बसत असे. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं, आणि उत्तरही पाठ होतं. केंद्रावर एक पर्यवेक्षिका होती. हातात घड्याळ धरून ती मुलींच्या मागे उभी राही, म्हणून तिला सगळ्या घड्याळबाई म्हणत. तिनंच वर चुगली केली. काकांनी धाकटीच्या तोंडून एवढंच ऐकायचं ठरवलं होतं.

टेबलावरच्या धाकटीच्या हातांकडे आईचं लक्ष गेलं. लेकीनं ते मांडीवर घेतले.

"पर्यवेक्षिकेच्या अहवालात तसं काही नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग कशात आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

काका चिडले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला. मुलाखतीत असं म्हणशील तर पुढचा उमेदवार आत बोलावतील, ते म्हणाले. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. माहीत असेल तर सांग. या दोन्हींच्या मधे वकिलाला जागा नसते.

धाकटीला नेमकं हेच तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत. सापडलेला कागद सापडला नाही असं दाखवता येत नाही, त्या म्हणाल्या होत्या. मात्र ज्याच्याबद्दल तो आहे ती व्यक्ती हयात असेल, तर आधी तिला विचारलं पाहिजे. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कुणाचा निकाल लावायचा नसतो, हे तू कायदा शिकायच्या आधीच शिकून घे. धाकटीनं मान हलवली होती. पण शनिवारभर आजी तिच्या मागेपुढे करत होती, मुलाखतीला नेसायची साडी स्वतः इस्त्री करत होती. विचारायला तोंड उघडलं की आजी विचारे, भूक लागली का गं? तिनं विचारलं नाही. कागद काढून टाकणं त्याहून सोपं होतं.

"तिला नको विचारूस," आजी म्हणाली. "तिला ठाऊक आहे. मला कालच कळलं तिच्या तोंडाकडे बघून." मग ती काकांकडे वळली नाही, धाकटीकडेही नाही. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या आत्याकडे वळली. "वन्सं, नाव मी सांगितलं होतं."

आत्या चहाचा कप उचलत होती. तिनं तो उचलला, एक घोट घेतला आणि मग खाली ठेवला.

पुढचा काही वेळ काकाच बोलत राहिले. आईला आता नीट आठवत नसेल, अठ्ठावन्न वर्षं झाली, त्या वेळी लिहून घेणारे काय वाटेल ते लिहून घ्यायचे. धाकटीला त्यांनी विचारलं, कागद कुठेत? अस्सल आहेत का? कुणी पाहिलेत? आणि मग, प्रबंधात ते नाहीत ना? नाहीत, असं तिनं सांगितलं. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते लपलं नाही. मग नकोतच, ते म्हणाले. घरातली गोष्ट घरात राहील. दोघी म्हाताऱ्या माणसांना आता या वयात कशाला.

"म्हातारी कुणाला म्हणतोस?" आत्या म्हणाली, आणि ती एवढ्या रोजच्या सुरात म्हणाली की काका थांबले. "वहिनी, बोला तुम्ही. तो गप्प बसेल."

आजी बोलली. सावकाश, पण न अडखळता. बहुतेक मनाशी तिनं हे कित्येकदा म्हणून पाहिलं असावं. पहिल्या दिवशी दोन तास विचारलं ते खरं. चाळीस वेळा नाही म्हटलं तेही खरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, या वेळी एकटीला, दार लावून. अधिकारी रागावला नाही. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. नवरा इथेच लाइनमन आहे ना? आणि तुम्हाला तिसरा महिना आहे हे केंद्राला कळवलंय का? तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला कसं कळलं हे तिला आजतागायत कळलं नव्हतं. दोघांच्या नोकऱ्या जातील आणि पोटात मूल. त्याला बारा नावं नकोच होती. एक हवं होतं.

तिसरा महिना म्हणजे आपण, हे काकांच्या लक्षात आलं. तीस वर्षं ते एक गोष्ट सांगत आले होते आणि त्या गोष्टीत आपणही होतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला, पण कुणाकडे बघावं ते त्यांना सुचेना.

"मग माझंच का?" आत्यानं विचारलं.

"बाकीच्या अकरा जणींत एकीचा बाप आंधळा होता," आजी म्हणाली. "एकीच्या पगारावर चार भावंडं होती. जिचं नाव घ्यावं तिची चूल विझणार. तुमची नसती विझली. तुम्ही आमच्याच घरात जेवणार होतात. मी ठरवलं, मी असेपर्यंत तुम्हाला काही कमी पडू द्यायचं नाही. आणि पडू दिलं नाही, वन्सं."

हे खरं होतं. घरातली सगळ्यात उजेडाची खोली आत्याची होती. पहिलं वाढलेलं ताट आत्याचं. आजीच्या या साऱ्या करण्याचं कौतुक नातेवाइकांत होतं, आणि धाकटीच्या आईला लग्न होऊन आली तेव्हा नणंद-भावजयीचा धडा म्हणून हेच दाखवलं होतं.

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. नोकरी गेल्यावर तिनं टंकलेखनाचा वर्ग काढला होता. तीस-पस्तीस वर्षं शेकडो मुलंमुली तिच्याकडे शिकून गेली. लोकांना वाटे बाईंना टंकलेखनाची आवड आहे. तिला मुळीच आवड नव्हती. तिला आवडायचे ते आवाज. कानात एक माणूस, समोर दुसऱ्याची लाइन, आणि मधे आपण. आपण जोडलं तर ती दोघं बोलणार. विसाव्या वर्षी तिला वाटलं होतं, हे काम आपण मरेपर्यंत करू.

"म्हणजे तुम्ही मला जेवू घातलंत," ती म्हणाली.

"हो."

"आणि विचारलं नाहीत."

"नाही."

"विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं की नाही, मला माहीत नाही. आता कळायचा मार्गही नाही. पण तो निर्णय माझा होता, वहिनी. तो तुम्ही घेतलात आणि मला जेवण दिलंत."

धाकटीनं संमती या विषयावर सव्वीस पानांचं प्रकरण लिहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला त्या क्षणी आठवलं नाही.

आत्याचा आवाज पहिल्यांदा बदलला तो यानंतर, आणि तो आजीवरच्या रागानं नव्हे. ती घड्याळबाईंबद्दल बोलू लागली. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहत होत्या. संपानंतर महिन्याभरात त्या घरी आल्या होत्या, माझा यात हात नाही असं सांगायला. आत्यानं दार लावून घेतलं होतं. रस्त्यात दिसल्या की ती बाजू बदले. त्यांच्या मुलीनं कोपऱ्यावर औषधांचं दुकान काढलं, तर या घराची औषधं पुढच्या चौकातून येऊ लागली, आणि पावणेदोन किलोमीटर चालायला का लागतं हे पोरांना कुणी कधी सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी घड्याळबाई वारल्या. अख्खी गल्ली गेली. आत्या गेली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती आजीला म्हणाली. "मी दार लावलं तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात."

"होते."

"माझं मी बघितलं असतं. पण त्या बाईचं काय?"

आजीनं पदरानं डोळे पुसले नाहीत. नुसती मान खाली गेली.

काका उठले आणि म्हणाले की आता पुरे, आईला त्रास होतोय, या विषयावर पडदा टाकू. त्यांनी आधार शोधावा तसं धाकटीच्या आईकडे पाहिलं. मोठे दीर आणि भावजय यांचं घरच्या कारभारात एरवी एकमत असे. दोघं मिळून विषय बदलत. आई स्टुलावरून उठलीही, पण चहाचे कप गोळा करायला नाही.

"पडदा टाकायचा की नाही ते आत्या ठरवतील," ती म्हणाली. "एकदा त्यांना विचारायचं राहिलंय."

या घरात सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदाच दिरांच्या विरुद्ध बोलली होती. काका खाली बसले. खरं म्हणजे त्यांना बरंच वाटलं, पण ते त्यांना त्या दिवशी कळलं नाही.

आत्यानं धाकटीला कागद आणायला सांगितलं. धाकटीनं ते आणले. मग आत्या म्हणाली, प्रश्न तू वाच, उत्तरं ज्यांची आहेत त्या वाचतील. आजीचा वाचायचा चष्मा आईनं आणून दिला.

धाकटी वाचू लागली. साक्षीदार क्रमांक नऊ, दुसरी बैठक. आपला आवाज अधिकाऱ्यासारखा होऊ नये म्हणून ती हळू वाचत होती.

"साक्षीदाराचा पती याच केंद्रात नोकरीला आहे, हे खरे का?"

"होय," आजीनं वाचलं.

"साक्षीदाराने आपल्या प्रकृतीबद्दल केंद्राला कळवलेले नाही, हे खरे का?"

"होय."

"पहिली वायर कोणी काढली?"

आजीनं बोट कागदावर ठेवलं. तिथे कंसात लिहिलं होतं, साक्षीदार गप्प. ती ते वाचेना, नुसतीच गप्प राहिली, आणि कुणीच तिला पुढे वाच म्हणालं नाही.

"पुन्हा विचारतो. पहिली वायर कोणी काढली?"

"आसन क्रमांक चौदा."

"पहिली मी नव्हते," आत्या म्हणाली.

"नाही," आजी म्हणाली. "पहिली मी होते."

ते कागदात नव्हतं. धाकटीला ते माहीत नव्हतं, काकांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. बारा जणींत सर्वांत आधी हात घातला तो आजीनं, दहा वाजून दहा मिनिटांनी, आणि तिच्या शेजारच्या आसनावरून आत्यानं ते पाहिलं होतं. चौकशीत आत्यालाही हाच प्रश्न विचारला होता. आत्या म्हणाली, मला आठवत नाही. तिला एकदाच विचारलं होतं आणि ती एकदाच म्हणाली होती, म्हणून त्याची गोष्ट झाली नाही.

त्या संध्याकाळी धाकटीनं प्रबंधाचं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. तिन्ही कागद आत गेले. खाली तिनं दोन टिपा जोडल्या, एक आजीनं सांगितलेली, एक आत्यानं, दोन्ही त्यांना वाचून दाखवून. नाव घालायचं का असं तिनं विचारलं, तर आत्या म्हणाली, नंबरच राहू दे, नंबराला लोक जास्त मानतात. गुरुवारी परीक्षकांनी त्या टिपांबद्दल विचारलं आणि वीसऐवजी पस्तीस मिनिटं लागली. तिला बरीच उत्तरं देता आली नाहीत, आणि तसं तिनं सांगितलं. निकाल तीन आठवड्यांनी लागला. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत आलं. पुढच्या वर्षी शाळेनं बोलावलं तेव्हा काकांनी ती गोष्ट सांगितली की नाही, ते त्यांनी घरी सांगितलं नाही.

पण त्याआधी, सोमवारी सकाळी, आत्या नीट तयार होऊन बाहेरच्या खोलीत आली. हातात तिसऱ्या, चौदा नंबर लिहिलेल्या कागदाची एक प्रत होती. घड्याळबाईंच्या मुलीला द्यायची, आणि द्यायला मी जाणार, असं तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. रात्रभर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. सकाळी पहिलं ताट आत्याचं वाढलं गेलं तेव्हा आत्यानं ते आजीकडे सरकवलं होतं आणि दुसरं स्वतः वाढून घेतलं होतं.

आजी दाराशी चपला घालून उभी होती.

धाकटीनं आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनीच तिला खुणावलं, मधे पडू नकोस.

आत्या बराच वेळ त्या चपलांकडे बघत राहिली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण वाटेत चढ होता आणि आजीचे गुडघे गेलेले होते. आत्या तिला एकटीला जाऊ देईल असं वाटत नव्हतं आणि बरोबर नेईल असंही नाही.

"मी सांगते त्यांना," आजी म्हणाली. "सांगायचं माझंच आहे."

"नाही," आत्या म्हणाली. तिनं जिन्याच्या कठड्यावर एक हात ठेवला आणि दुसरा आजीपुढे केला. "तुम्ही पुष्कळ सांगितलंत. आज मी सांगेन. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

आजीनं तो हात धरला आणि दोघी एकेक पायरी उतरू लागल्या.